प्रेस नोट लिहायची तरी कशी, म्हणजे ती छापून येईल?

सुकलेलं_पान
कोथरूडमध्ये आमचा छोटा गट आहे. पानगळीच्या दिवसांत सोसायट्यांमध्ये पडणारा वाळका पाला पोत्यांत भरून आणतो आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना फुकट देतो. पुढच्या रविवारी एका मैदानावर पाल्याची देवाणघेवाण ठेवली आहे. ज्यांच्याकडे पाला आहे त्यांनी आणायचा, ज्यांना हवाय त्यांनी न्यायचा. जोडीला खत करण्याचं प्रात्यक्षिक.

गेल्या वर्षी अशाच कार्यक्रमाची प्रेस नोट पुण्यातल्या झाडून सगळ्या मराठी पेपरांना पाठवली होती. एका ठिकाणी आली, तीही कार्यक्रम उरकल्यावर, कोपऱ्यात तीन ओळी. बाकी सामसूम. आमचे अध्यक्ष म्हणतात, ओळख लागते. मला वाटतं गोम लिहिण्यातच असावी. इथे पत्रकारितेतली बरीच मंडळी आहेत म्हणून गेल्या वर्षीची नोट खाली चिकटवतोय. नावं काढली आहेत. भीड न ठेवता बोला.

"प्रति, मा. संपादकसाहेब. विषय : बातमी प्रसिद्ध करणेबाबत. महोदय, आज संपूर्ण जगाला ग्लोबल वॉर्मिंगचा विळखा पडला असून निसर्गाचा ऱ्हास ही चिंतेची बाब बनली आहे. या पार्श्वभूमीवर पर्यावरण संवर्धनाचा वसा घेतलेल्या आमच्या संस्थेच्या वतीने सालाबादप्रमाणे याही वर्षी भव्य कार्यक्रमाचे आयोजन करण्यात आले आहे. कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी मा. श्री. अमुक हे राहणार असून मा. श्री. तमुक यांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन होईल. प्रास्ताविक श्री. फलाणे, सूत्रसंचालन सौ. बिस्ताने व आभारप्रदर्शन श्री. ढमके करतील. सदर प्रसंगी पालापाचोळ्याची देवाणघेवाणही होणार आहे. तरी आपल्या लोकप्रिय दैनिकात यास ठळक प्रसिद्धी द्यावी, ही नम्र विनंती."

पेठी
दिवा लावून झाला, आभार मानून झाले, मग पाला आला. हसून हसून पुरेवाट.

वाचनमात्र
"पालापाचोळ्याची देवाणघेवाणही." त्या 'ही'ला माझा दंडवत.

जुनी_डेस्कवाली
पान, रागावू नका. अशा नोटा मी शहर डेस्कवर पोत्यानं वाचल्या आहेत. त्यातलं तुमचं पोतं बऱ्यापैकी सुबक आहे.

आधी पलीकडचं चित्र समजून घ्या. संध्याकाळी पाचनंतर उपसंपादकापुढे नोटांचा ढीग असतो. जयंती, रक्तदान, पुस्तक प्रकाशन, शाळेचं गॅदरिंग, कुणाची तरी निवड. शिवाय बातमीदारांच्या स्वतःच्या बातम्या येत असतात, त्यांना पहिला मान. एका नोटेच्या वाट्याला काही सेकंद येतात. तेवढ्यात डोळे एवढंच शोधतात की काय आहे, कुठे आहे, कधी आहे आणि माझ्या वाचकाला त्याचं काय. तुमच्या नोटेत तारीख, वेळ, जागा यांतलं काहीच नाही! ती बहुधा वेगळ्या निमंत्रणपत्रिकेत असणार आणि ती जोडायची राहिली किंवा आम्ही उघडली नाही.

दुसरं, हा विनंतीअर्ज आहे. 'महोदय' पासून 'नम्र विनंती' पर्यंत जे आहे ते आम्हाला काढूनच टाकायचं असतं. बातमी लिहून पाठवा, थेट पानात टाकता येईल अशी.

तिसरं म्हणजे आम्ही खालून कापतो. पान लावताना साडेसातला जाहिरात आली की बातमीचे शेवटचे दोन परिच्छेद जातात, वाचत बसायला कुणाला वेळ नसतो. म्हणून उलटा पिरॅमिड. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात, मग त्याखालचं, मग उरलंसुरलं. पहिला परिच्छेद सोडून बाकी सगळं उडालं तरी वाचक रविवारी मैदानावर पोचला पाहिजे.

मी असं केलं असतं :

"पुणे : सोसायटीत साठलेला वाळका पाला जाळण्याऐवजी येत्या रविवारी (ता. __) सकाळी ८ ते ११ या वेळेत कोथरूडमधील __ मैदानावर आणून देता येणार आहे. गच्चीवर किंवा अंगणात बाग करणाऱ्यांना तो तेथूनच विनामूल्य नेता येईल. पोते स्वतःचे आणावे. पाल्यापासून खत करण्याचे प्रात्यक्षिक ९ वाजता होईल. संपर्क : __"

संस्थेचं नाव दुसऱ्या परिच्छेदात. दिव्याचं नाव कुठेच नाही.

पेठी
ताई, 'दिव्याचं नाव कुठेच नाही' हे मी घरच्या कार्यक्रमांनाही लागू करणार आहे.

नळस्टॉपवाला
डेस्कवाली ताईंशी अर्धा सहमत. वाक्यं छान झाली, पण यात बातमी कुठाय? ही सूचना झाली. फार तर 'आजचे कार्यक्रम' मध्ये जाईल.

रानडे इन्स्टिट्यूटच्या पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला सहा ककार घोटून घेतले होते : कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. छोट्या संस्थांच्या नोटांत पहिले चार मारूनमुटकून येतात. 'का' कायम गैरहजर. आत्ताच का? इथेच का? तुमचं 'का' म्हणजे ग्लोबल वॉर्मिंग. ते गेल्या वर्षीही होतं, पुढच्या वर्षीही असेल.

वेताळटेकडी
'का' आहे की, शोधायला लांब जायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी फिरायला निघा, दर दोन चौकांआड कडुलिंबाच्या आणि पिंपळाच्या पानांचा ढीग धुमसत असतो. झाडणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला ढीग टाकायला जागाच कुणी दिलेली नसते.

पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये भरपाई. त्याच वर्षी आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही जाळायला मनाई केली गेली. सोसायटीच्या सेक्रेटरीला यातलं पहिलं वाक्य ऐकवलं की तो सरसावून बसतो. 'पाला जाळला तर दंड, आणून दिला तर फुकट खत', ही झाली बातमी.

सुकलेलं_पान
वेताळटेकडी, हे तर आम्ही सोसायट्यांमध्ये तोंडानं सांगत फिरतो! नोटेत घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नोट म्हटलं की आपोआप 'पार्श्वभूमीवर' सुरू होतं.

कसब्याचा_आप्पा
तुम्ही सगळे भाबडे आहात. गणेशोत्सवात मंडळाच्या नोटा मी वर्षानुवर्षं पोचवल्या. पूर्वी हातानं लिहून, सायकलवरून. छापून कुणाच्या येतात? ज्यांचा बातमीदाराशी चहा आहे त्यांच्या. नाहीतर जाहिरात द्या, मग बघा कशी चौकट येते. ककार-बिकार नंतर.

जुनी_डेस्कवाली
आप्पा, तुमचं सगळंच खोटं म्हणणार नाही. पैसे घेऊन बातम्या छापण्यावर २०१० साली प्रेस कौन्सिलला, म्हणजे पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला, अहवाल काढावा लागला, तो उगाच नाही. पण तो मामला मुख्यतः निवडणुकांचा होता. पाल्याच्या पोत्यासाठी कुणी पाकीट मागत नाही. ओळखीचा फायदा एवढाच की नोट उघडली जाते. उघडल्यावर आत 'सालाबादप्रमाणे' असेल तर ओळखीचा माणूसही हळूच बंद करतो. मी केली आहे बंद, सख्ख्या नणंदेच्या भिशी मंडळाची.

पेठी
नणंदबाई हा धागा वाचत नसोत.

जुनी_डेस्कवाली
वाचतात. म्हणून तर सांगितलं.

जुने_कागद
आप्पांच्या मुद्द्यावरून थोडं अवांतर. हा झगडा प्रेस नोटेइतकाच जुना आहे. अमेरिकेत आयव्ही ली म्हणून एक माजी बातमीदार होता. २८ ऑक्टोबर १९०६ ला अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळली, ५० हून जास्त माणसं गेली. तोपर्यंत रेल्वे कंपन्यांची रीत अपघात दडपायची. लीनं पेनसिल्व्हेनिया रेलरोडला सांगितलं, जे घडलं ते आपणच लिहून पत्रकारांना देऊ. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ते निवेदन जसंच्या तसं छापलं. पहिली प्रेस नोट म्हणून त्याच कागदाचं नाव घेतात.

त्याच वर्षी त्यानं संपादकांना एक जाहीरनामाही पाठवला होता. आशय असा की आमचं काम उघड आहे, आम्ही जाहिरात एजन्सी नाही, आमचा मजकूर जाहिरात विभागात जायच्या लायकीचा वाटला तर वापरू नका. आप्पा, ही अट आपल्याकडच्या कितीजणांना परवडेल?

योगायोग म्हणजे आपली महाराष्ट्र साहित्य परिषदही १९०६ चीच.

कसब्याचा_आप्पा
मग साहित्य परिषदेच्या प्रेस नोटा एवढ्या लांब का असतात ते आज कळलं.

औंध_आयटी
त्या ली साहेबांचा पुढचा भागही सांगा की. १९१४ मध्ये कोलोरॅडोत लुडलो इथे खाणकामगारांच्या तळावर गोळीबार झाला, बायकापोरं मेली. त्यानंतर हाच माणूस खाणमालक रॉकफेलरसाठी पत्रकं काढू लागला आणि त्यातले दावे धडधडीत खोटे निघाले. 'पॉयझन आयव्ही' हे नाव तेव्हा पडलं. सुबक लिहिता येणं वेगळं आणि खरं लिहिणं वेगळं.

जुने_कागद
मान्य. तरी पाल्याच्या पोत्यात लपवण्यासारखं फारसं नसावं.

बावधनची_बाग
माझ्या गच्चीवर ओल्या कचऱ्याला वास मारतोय, म्हणजे सुका पाला कमी पडतोय ना? आणि बदामाची पानं चालतात का?

सुकलेलं_पान
चालतात, पण ती जाड असतात, कुजायला वेळ घेतात. पोत्यात भरून वरून तुडवा, चुरा झाला की घाला. वासाचं बरोबर ओळखलंत. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, सुक्या पानात कार्बन. स्वयंपाकघरातला कचरा टाकला की वर पानांचा जाड थर द्यायचा, चिलटंही कमी होतात.

नळस्टॉपवाला
पान, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, ते नोटेत घाला! 'बदामाची पानं तुडवून घ्या' हे वाक्य कुठल्याही पुरवणीला हवं असतं.

डीटीपीवाला
लेखनावर बरंच झालं. थोडं हमालीबद्दल सांगतो, कारण निम्म्या नोटा तिथेच मरतात.

लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, मोबाइलनं फोटो काढून पाठवू नका. त्यातली ओळ कॉपी होत नाही, कुणीतरी पुन्हा टाइप करायची. सहाच्या गर्दीत कोण करणार? पीडीएफचीही तीच कथा, त्यात फॉन्ट जुना श्रीलिपी असेल तर कॉपी केल्यावर गिचमिड उमटते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच उमटेल असं, टाइप करा आणि मजकूर मेलच्या पोटातच टाका. अटॅचमेंट द्यायची तर वर्डची द्या, पण जास्तीची म्हणून.

फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवायचा नाही, वेगळा जोडायचा. व्हॉट्सॅपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकसून येतो आणि छापल्यावर चेहऱ्यांचे ठिपके होतात. फाइलचं नाव 'आयएमजी अमुक' ठेवू नका. फोटोओळ द्या, डावीकडून कोण ते लिहा, आणि जितकी डोकी तितकी नावं आहेत ना ते मोजा. एक डोकं जास्त निघालं की डेस्क फोटोच काढून टाकतं.

आणि हो, हार-शाल-श्रीफळाचे फोटो नकोत. पोतं उचललेली आजी असेल तर ती पाठवा.

पेठी
आजी मिळेल, पोतं हलकं ठेवा.

औंध_आयटी
कंपन्यांच्या नोटांमध्ये दोन गोष्टी असतात, त्या चालतील का? शेवटी 'संस्थेविषयी' असा ठरावीक परिच्छेद, आणि वर 'अमुक तारखेपूर्वी प्रसिद्ध करू नये'.

गांजवे_चौक
(फील्डवर आहे, तुटक लिहितो.)

'संस्थेविषयी' दोन ओळी चालतील, तळाला. कधीपासून काम करता, कुठे, कसं. 'आघाडीची', 'अग्रगण्य' ही विशेषणं घालू नका, आम्ही पहिली तीच खोडतो. तारखेची अट असल्या नोटेला कशाला? ती निकाल, अहवाल, पुरस्कार अशा ठिकाणी लागते, जिथे सगळ्यांना आधी वाचायला वेळ देऊन एकाच दिवशी छापायचं असतं. पाल्याचं गुपित कोण फोडणार आहे?

पान, तुमच्याकडे एक नोट नाही, दोन आहेत. एक कार्यक्रमाच्या आधीची, ती म्हणजे ताईंनी लिहिली ती. तीन-चार दिवस आधी पाठवा, आदल्या रात्री नको. दुसरी कार्यक्रमानंतरची, त्याच दिवशी, दुपारी दोन-तीनपर्यंत. त्यात काय घडलं ते : किती पोती आली, किती गेली, कुठली सोसायटी सगळ्यात जास्त घेऊन आली, उरलेला पाला कुठे गेला. रविवारी बातम्यांचा दुष्काळ असतो, सोमवारच्या पानाला अशी बातमी हवीच असते. गेल्या वर्षी ही दुसरी पाठवली होती का?

'संपादक' या नावानं पाठवू नका. पर्यावरण किंवा महापालिका कोण बघतं ते विचारून त्याला पाठवा, शहर डेस्कला प्रत. कोथरूडपुरती पुरवणी असेल तर तिला नक्की. आणि कृपा करून यासाठी पत्रकार भवनात पत्रकार परिषद घेऊ नका. पोहे आम्ही खाऊ, पण बातमी तेवढीच होईल.

कसब्याचा_आप्पा
पोहे तरी कबूल केलेत!

सुकलेलं_पान
दुसरी पाठवली नव्हती. संध्याकाळी सगळे पोती आवरून घरी गेलो.

आता खरी अडचण सांगतो. अध्यक्षांना नवा मसुदा दाखवला. ते म्हणाले, "यात मी कुठाय?" मंडप त्यांच्या ओळखीनं आला आहे, मैदानाची परवानगीही. शिवाय मंडपवाल्याचं नाव यायला हवं असं त्याला तोंडी सांगून बसलेत. आणि दीपप्रज्वलनाचे पाहुणे ठरलेले. सगळ्यांना कापलं तर पुढच्या वर्षी मैदान नाही.

नळस्टॉपवाला
इथे सगळ्या थिअरीची माती होते. आमच्या नाट्यसंस्थेच्या नोटेत एकदा नेपथ्य रंगवणाऱ्या मुलांपेक्षा निर्मिती साहाय्यकांची यादी लांब होती, नाटकाचं नाव कंसात.

जुनी_डेस्कवाली
अध्यक्षांना बाहेर काढू नका, त्यांना बोलायला लावा. नोटेत कुणाचं तरी अवतरण लागतंच, ते त्यांचं द्या. पण 'पर्यावरणाचे रक्षण ही काळाची गरज आहे' हे चालणार नाही. ते वाक्य कुणाच्याही तोंडी घालता येतं, म्हणून ते आम्ही कापतो आणि त्याबरोबर माणूसही कापला जातो. त्यांना विचारा, तुम्ही पहिल्यांदा पाला का उचलायला लागलात? जे सांगतील ते दोन वाक्यांत उतरवून घ्या. ठाशीव निघालं तर नाव, पद, सगळं पानात राहील.

मंडपवाल्याचं नाव मैदानावरच्या फ्लेक्सवर मोठ्ठं टाका. पेपरात येईल असं कबूल करणं तुमच्या हातात नाही, कुणाच्याच नाही, हे त्याला आजच सांगून टाका. पाहुण्यांचं नाव दुसऱ्या नोटेत, शेवटून दुसऱ्या वाक्यात. उडालं तर आमच्या नावानं बोटं मोडा, आम्हाला सवय आहे.

कसब्याचा_आप्पा
हा सल्ला मात्र लाखमोलाचा. मंडळाच्या कार्याध्यक्षांना वाचून दाखवतो.

सुकलेलं_पान
अध्यक्षांना विचारलं. पाऊण तास बोलले! त्यातलं हे काढलं : "आमच्या इमारतीखाली रोज सकाळी पाला पेटायचा आणि बायकोला दम्याचा त्रास. झाडणाऱ्याला रागावून झालं. मग त्याला म्हटलं, तू गोळा कर, मी नेतो. पहिली दोन पोती गाडीच्या डिकीत घालून मेहुण्याच्या बागेत नेली."

त्यांची एवढी वर्षं ओळख, मला हे ठाऊकच नव्हतं. नवी सुरुवात अशी केली आहे, बघा :

"पुणे : वाळका पाला जाळणाऱ्यांना दंड होऊ शकतो. तोच पाला रविवारी सकाळी ८ ते ११ या वेळेत कोथरूडमधील मैदानावर आणून दिल्यास बागप्रेमींना त्याचे खत करता येणार आहे. पाला आणून देण्यास किंवा नेण्यास कोणतेही शुल्क नाही…"

त्याखाली लवादाच्या आदेशाची एक ओळ, मग अध्यक्ष, मग पानं तुडवण्याची युक्ती, मग संस्थेविषयी.

वेताळटेकडी
छान! फक्त 'बागप्रेमी' काढा, 'बाग करणाऱ्यांना' पुरे.

डीटीपीवाला
'रविवारी' कुठल्या? तारीख पुन्हा विसरलात. ही नोट व्हॉट्सॅपवर फिरायला लागली की पावसाळ्यातही लोक पोती घेऊन मैदानावर येतील.

नळस्टॉपवाला
आणि दिलेला नंबर एकदा स्वतः लावून बघा. रविवारी सकाळी तो उचलणारा माणूस मैदानावर मंडप बांधत असेल तर दुसऱ्याचा नंबर द्या.

सुकलेलं_पान
तारीख घातली. नंबर माझ्या बहिणीचा देतोय, ती घरी असते आणि तिला बोलायला आवडतं. आता फक्त एक शंका. मेल केल्यावर फोन करावा का? अध्यक्ष रोज करा म्हणतात.

गांजवे_चौक
एकदाच. दुपारी बारा ते चारमध्ये. "मेल मिळाली का" एवढंच न विचारता पाल्याचं एका वाक्यात सांगा. "कधी छापणार" हे विचारू नका, आम्हालाही माहीत नसतं.

बावधनची_बाग
मी येते आहे रविवारी, चार पोती घेऊन. गाडी कुठे लावायची?

सुकलेलं_पान
मैदानामागच्या गेटशी जागा आहे, पुढच्या रस्त्यावर नो पार्किंग. नोटेच्या शेवटी ही ओळ घालतो.

गांजवे_चौक
शेवटी नको, कापली जाईल. पहिल्या परिच्छेदात घ्या.